दोन्ही इंजिनं एकदम गेली? आधी पाना खाली ठेवा

देवबागेतून भाच्याचा फोन आला तेव्हा मी पडवीत पेज जेवत होतो. "मामा, दोनय इंजिनां एकदम बंद पडली!" बोटीवर आठ पर्यटक, कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथला ओहोटीचा ओढा, आणि मागे लावलेल्या दोन्ही आउटबोर्ड मशीन गप्प. शेजारच्या बोटीने दोर टाकून त्याला किनाऱ्याला लावलं. तोवर पठ्ठ्याने एका मशीनचे प्लग काढून फळीवर मांडूनही ठेवले होते.

"प्लग परत बसय आनि कशाक हात लाव नको. मी येतंय."

त्या हंगामातली ही दुसरी खेप. पहिल्या वेळी, दिवाळीच्या आसपास, दोन्ही मशीनना मिळून एकच टाकी होती आणि टाकीत पाणी निघालं. तेव्हा मीच त्याला दोन टाक्या करायला लावल्या. टाकी वेगळी, नळी वेगळी, फिल्टर वेगळा. तरीही पुन्हा दोन्ही एकाच वेळी. ते कसं झालं ते शेवटाला सांगतो, कारण त्याचं उत्तर मला नोकरीने पूर्वीच शिकवलं होतं आणि घरच्या माणसाला सल्ला देताना मी ते विसरलो.

नोकरी म्हणजे विमानांची देखभाल. आयुष्यातली बहुतेक वर्षं मुंबईच्या हँगरमध्ये गेली, त्यातही छोट्या जेटवर. उद्योगपती, पुढारी, कधी रुग्ण नेणारी आठ-दहा आसनांची, शेपटीजवळ दोन इंजिनं असलेली विमानं. आता वेंगुर्ल्याकडे राहतो. चिपीचं विमान घरावरून गेलं की गावातली पोरं माझ्याकडे बघतात, जणू मीच ते उडवलं. आणि १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातापासून तर बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न : दोन इंजिनं एकाच वेळी बंद पडतीलच कशी?

त्या अपघाताबद्दल मी तर्क लढवणार नाही. प्राथमिक अहवालात आलंय की दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'वर (बंद) गेले. ते का गेले हा चौकशीचा विषय, माझा नाही. पण प्रश्न चांगला आहे, आणि हँगरमध्ये तो वेगळ्या रूपात वारंवार येतो. दर वेळी दोन्ही इंजिनं बंदच पडतात असं नाही. पुष्कळदा दोन्ही इंजिनं एकसारखीच कुरकुर करू लागतात. एक उशिरा सुरू होतं, आठवड्याने दुसरंही उशिरा सुरू होतं. एकाचा फिल्टर तुंबल्याचा दिवा लागतो, दोन दिवसांनी दुसऱ्याचा. ही खूण ओळखता आली तर पुढचं टळतं.

आधी थोडा हिशोब. समजा एक इंजिन १ लाख तासांत एकदा आपसूक बंद पडतं. दोन इंजिनांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर दोन्ही त्याच एका तासात बंद पडण्याची शक्यता १,००० कोटी तासांत एकदा. हा आकडा उदाहरणापुरता आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते : दोन्ही गेली, तर योगायोग हे कारण यादीत सगळ्यात शेवटी लिहायचं. आमच्या हँगरमध्ये रेवदंड्याकडचे एक जुने फोरमन होते. ते म्हणायचे, "एक पोर आजारी पडलं तर पोराला तपास. दोन्ही पोरं एकाच रात्री आजारी पडली तर दोघांनी काय खाल्लं ते आईला विचार."

इंजिनं खातात काय? हवा आणि इंधन. आणि तिसरं, आमचे हात.

हवा : खाऱ्या वाऱ्याचा मार

हे पहिलं घेतो, कारण आपल्या किनाऱ्याला हेच सगळ्यात लागू आहे आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

९ फेब्रुवारी २०२४. अमेरिकेतल्या ओहायोहून निघालेलं चॅलेंजर ६०४ जातीचं बिझनेस जेट फ्लोरिडातल्या नेपल्सला उतरत होतं. धावपट्टी जवळ आली, उंची हजार फुटांच्या आसपास, आणि एका सेकंदाच्या अंतराने डाव्या व उजव्या दोन्ही इंजिनांच्या ऑइल प्रेशरचे इशारे लागले. अर्ध्या मिनिटात वैमानिकांनी टॉवरला कळवलं की दोन्ही इंजिनं गेली. विमान हमरस्त्यावर उतरवावं लागलं. दोन्ही वैमानिक गेले, मागे बसलेले तिघे वाचले.

आता कुणी नवशिका तंत्रज्ञ असेल तर 'ऑइल प्रेशर' वाचून ऑइलच्या मागे लागेल. पंप बघेल, गळती शोधेल. ऑइलचा पंप इंजिनच फिरवतं. इंजिनाचे फेरे पडले की दाब पडतो, दाब पडला की दिवा लागतो. म्हणजे तो दिवा आजार सांगत नव्हता, नाडी मंदावल्याचं सांगत होता. इशाऱ्याचा दिवा लागला की मी स्वतःला आधी विचारतो, हा पहिला की मागाहून आलेला?

अमेरिकेच्या तपास यंत्रणेला, एनटीएसबीला, दोन्ही इंजिनांच्या व्हेरिएबल जॉमेट्रीच्या भागांत गंज सापडला. हे नाव अवघड वाटतं, प्रकार सोपा आहे. कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा दाबणाऱ्या भागात, फिरत्या पात्यांच्या मधोमध स्थिर पात्यांच्या ओळी असतात. पुढच्या काही ओळींतली पाती स्वतःभोवती थोडी वळू शकतात, आपल्या जुन्या खिडकीच्या झडपांसारखी. फेरे कमी असताना ती मिटत जायची, वाढले की उघडत जायची, म्हणजे हवा योग्य कोनात आत शिरते. प्रत्येक पात्याचं टोक कॉम्प्रेसरच्या कवचाबाहेर येतं, त्याला छोटा दांडा, सगळे दांडे एका कड्याला जोडलेले, आणि ते कडं इंधनाच्या दाबावर चालणारा अ‍ॅक्चुएटर पुढे-मागे ओढतो. हे सगळे सांधे आणि बुश गंजाने आवळले की झडपा सांगितलेल्या जागी पोचत नाहीत. हवा पात्यांवरून सुटते, इंजिन गुदमरतं, फेरे आयडलच्याही, म्हणजे किमान वेगाच्याही, खाली जातात, आणि वैमानिकाने थ्रॉटल कितीही पुढे ढकललं तरी वर येत नाहीत. उतरताना दोन्ही थ्रॉटल एकदम मागे घेतलेले असतात, म्हणजे दोन्ही इंजिनं एकाच वेळी त्या नाजूक टप्प्यावर येतात. दोन इंजिनांना सारखाच गंज असेल तर ती सारख्याच क्षणी गुदमरण्यात नवल नाही.

या प्रकरणातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट पुढेच आहे. अपघाताच्या सुमारे महिनाभर आधी याच विमानाच्या दोन्ही इंजिनांना 'हंग स्टार्ट' झाला होता. म्हणजे इंजिन पेटतं, पण फेरे मध्येच अडकतात, वर चढत नाहीत आणि तापमान मात्र चढत राहतं. तेव्हा दोषाचा शोध घेतला गेला, पण दोष शोधायची जी पायरी-पायरीची पुस्तकी वाट असते ती या गंजापर्यंत नेत नव्हती. एनटीएसबीने ही उणीवही नोंदवली. मी आयुष्यभर तसल्याच पुस्तकांवर बोट ठेवून काम केलं, म्हणून हे वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कारण मी हे पाहिलं आहे. कुठलं विमान, कुणाचं, ते सांगत नाही. एक खाजगी जेट किनाऱ्याजवळच्या विमानतळावर जूनच्या सुरुवातीला आलं आणि काही कोर्टकज्जामुळे गणपतीपर्यंत उघड्यावर उभं राहिलं. इंजिनांच्या तोंडावर कव्हरं होती, पण एक वाऱ्याने अर्धं सुटलेलं. सप्टेंबरात आम्ही गेलो. उजवं इंजिन पहिल्या झटक्यात अडकलं. पुस्तक काढलं : स्टार्टरला पुरेशी वीज आहे का, इग्नायटर ठिणगी देतो का, हवेची गळती आहे का, फ्युएल कंट्रोल, म्हणजे इंजिनाला इंधन मोजून देणारं यंत्र, ठीक आहे का. फ्युएल कंट्रोल बदललं, इंजिन सुरू झालं, आम्ही खूश. आठ दिवसांनी डावं अडकलं. मग पुन्हा उजवं, नव्या फ्युएल कंट्रोलसकट.

तेव्हा फोरमन आले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून त्या कड्याच्या एका दांड्याला बोट लावलं. तो हलायला हवा होता तितका हलेना. दांड्याच्या मुळाशी तांबूस वर्तुळ, जसं पावसाळ्यात बिडाच्या तव्याला कडेने येतं. दुसऱ्या इंजिनावर तेच वर्तुळ, जवळजवळ त्याच जागी. फ्युएल कंट्रोल बदलल्यावर इंजिन सुरू झालं ते त्या दिवशी ऊन कडक होतं म्हणून की आमच्या नशिबाने, कोण जाणे. दोष तिथे नव्हताच.

कोकणात राहणाऱ्याला खाऱ्या वाऱ्याबद्दल सांगायला नको. खिडकीचे गज, पंपाची पेटी, दुचाकीचा सायलेन्सर, सगळ्यांचं आयुष्य घाटावरच्यापेक्षा निम्मं. जेट इंजिन तर हा वारा नुसता झेलत नाही, ओढून घेतं. किनाऱ्यावर उभं राहणारं विमान असेल तर माझ्या मते या गोष्टींत कुणी कंजुषी करू नये. कॉम्प्रेसर वॉश वेळेवर, आणि तो विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने कधीच नाही, क्षार काढलेल्या पाण्याने. इंजिन न पेटवता स्टार्टरवर नुसतं फिरवायचं, पाणी आत मारायचं, निथळू द्यायचं, मग इंजिन चालवून आतून वाळवायचं. वाळवायचा कंटाळा केला तर न धुतलेलं परवडलं. विमान लांबणीवर उभं राहणार असेल तर नुसती कव्हरं घालून भागत नाही. निर्मात्याने सांगितलेली साठवणुकीची पद्धत असते, ओल शोषणाऱ्या पिशव्या असतात, ठरावीक दिवसांनी इंजिन चालवणं असतं. आणि हंग स्टार्ट एका इंजिनाला झाला तर दुसऱ्याच्या मागच्या सगळ्या स्टार्टच्या नोंदी काढून बघा. किती सेकंदांत आयडलला आलं, तापमान कुठवर गेलं. दोन्हींचा आलेख एकाच बाजूला सरकत असेल तर फ्युएल कंट्रोलची ऑर्डर देण्याआधी दांडे हलवून बघा.

हवेतून येणारं दुसरं संकट पक्ष्यांचं. २६ फेब्रुवारी १९७३ रोजी अटलांटाजवळच्या एका छोट्या विमानतळावरून उडालेलं लिअरजेट २४ पक्ष्यांच्या थव्यात शिरलं, दोन्ही इंजिनांची ताकद गेली, विमानातले सातही जण मेले. पक्षी तिथे का होते? विमानतळाजवळ कचऱ्याचं डेपो होतं. आपल्याकडे मासळी बाजाराची घाण, सुकत घातलेले बोंबील, आणि वर गरगरणाऱ्या घारी. यावर तंत्रज्ञ काही करू शकत नाही, ग्रामपंचायत करू शकते.

उंचावरचा बर्फ

हाही हवेचाच भाग, पण वेगळा मांडतो कारण याची लक्षणं फसवी आहेत. जुलै २००४ आणि नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत बीचजेट ४००ए या बिझनेस जेटची दोन्ही इंजिनं उंचावर विझली. दोन्ही वेळा आसपास गडगडाटी ढगांचा पसारा, आणि खाली उतरण्यासाठी थ्रॉटल मागे घेतल्यावर घडलेलं. पहिल्या वेळी एक इंजिन पुन्हा पेटलं. दुसऱ्या वेळी एकही पेटलं नाही, आणि विमान तरंगत तरंगत जॅक्सनव्हिलच्या धावपट्टीवर उतरलं.

तीसेक हजार फुटांच्या वर पाणी थेंबांच्या रूपात फारसं नसतंच, असतात ते बर्फाचे बारीक स्फटिक. ते कोरडे, थंडगार पंखाला चिकटत नाहीत, वैमानिकाला काच स्वच्छ दिसते, रडारवरही त्यांची चाहूल फार कमी लागते. पण इंजिनाच्या आत कॉम्प्रेसरची ऊब लागली की थोडे वितळतात, पात्यांना चिकटतात, त्यांच्यावर आणखी चिकटतात. ताकद कमी करताच तो थर सुटून आत जातो आणि ज्योत विझते. जमिनीवर येईपर्यंत सगळं वितळून गेलेलं. तंत्रज्ञ इंजिन उघडतो तर आत काहीच नाही, इंजिन मस्त चालतं. अशा वेळी 'दोष सापडला नाही' अशी नोंद करून विमान सोडू नये. वैमानिकाबरोबर चहा घ्यावा आणि विचारावं : ढग कुठे होते, थ्रॉटल केव्हा ओढलं, इंजिनाचं अँटी-आइस कधी चालू केलं? वळवाच्या दिवसांत सह्याद्रीवर उभे राहणारे ढग ज्याने पाहिलेत त्याला हे पटायला वेळ लागत नाही. उपायही साधा आहे : अशा ढगांपासून लांब राहणं, आणि निर्मात्याने सांगितलंय तसं अँटी-आइस आत शिरण्याआधी लावणं, शिरल्यावर नाही.

इंधन : पाणी, बुरशी आणि युरिया

दोन इंजिनांच्या टाक्या वेगळ्या असतात हे खरं. पण त्या भरणारी गाडी एकच असते.

ऑगस्ट २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या ओपा-लोका विमानतळावर इंधनाच्या गाडीत एक चूक झाली. जेट इंधनात मिसळलेलं पाणी उंचावर गोठू नये म्हणून बऱ्याच बिझनेस जेटमध्ये गोठणरोधक द्रव मिसळतात, अगदी थोडा, इंधनाच्या ०.१० ते ०.१५ टक्के. मोठी प्रवासी विमानं इंजिनाच्या गरम ऑइलवर इंधन तापवून घेतात, म्हणून त्यांना तो बहुधा लागत नाही. ओपा-लोकाला त्या द्रवाच्या टाकीत भलतंच काही ओतलं गेलं : डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. आपल्या मुंबई-गोवा हायवेवर ट्रकवाले ज्याला नुसतं 'युरिया' म्हणतात तेच. त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. दिसायला दोन्ही द्रव पारदर्शक. डीईएफ जेट इंधनात विरघळत नाही, उलट स्फटिक धरतं, आणि ते स्फटिक फिल्टर व नोझल बुजवतात. त्या गाडीतून भरलेलं एक फाल्कन ९०० जातीचं बिझनेस जेट उडाल्यावर त्याच्या तीन इंजिनांपैकी दोन गेली, तिसऱ्यावर ते कसंबसं परतलं. तीन इंजिनं घेऊन काय उपयोग, तिघांनी एकाच ताटात खाल्लं! पुढच्याच वर्षी, मे २०१९ मध्ये, फ्लोरिडातल्याच पुंटा गोर्डा इथे तीच चूक पुन्हा झाली. तिथून निघालेल्या सायटेशन ५५० या छोट्या जेटची दोन्ही इंजिनं बंद पडली, सवाना इथे ते बिनइंजिनाचं उतरलं.

म्हणून माझा हट्ट असतो : दोन्ही इंजिनांवर फिल्टर बायपासचा, म्हणजे फिल्टर तुंबल्याचा, दिवा लागला तर फिल्टर बदलून विमान सोडायचं नाही. काढलेला फिल्टर पिशवीत बंद करून ठेवायचा, टाकीचा नमुना बाटलीत ठेवायचा, शेवटचं इंधन कुठे भरलं ते विचारायचं, आणि त्याच गाडीतून त्या दिवशी आणखी कुणी भरलं असेल तर त्यांना लगेच फोन. ओपा-लोकाला एकाच गाडीने अनेक विमानं बाधित झाली होती. तुमचं विमान जमिनीवर आहे, दुसऱ्याचं कदाचित हवेत असेल.

बुरशीबद्दल. जेट इंधन म्हणजे जवळजवळ रॉकेल. त्यात पाणी साचलं की पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशी वाढते. आमच्या दमट हवेत तर टाकीच्या तळाशी तपकिरी, बुळबुळीत थर मी हाताने खरवडला आहे, विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा. ती मारायला औषध असतं, आणि तिथेही माणूस चुकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या गॅटविकहून निघालेल्या ए३२१ या एअरबस विमानाची दोन्ही इंजिनं उडताक्षणी अडखळू लागली. विमान तातडीने परतलं. टाक्यांत ते औषध सांगितलेल्या प्रमाणाच्या ३८ पट पडलं होतं. प्रमाणाचा हिशोब चुकला होता, बस्स.

पाण्याची तपासणी सगळेच करतात, पण केव्हा आणि कशी यात फरक आहे. इंधन भरल्या भरल्या खालच्या ड्रेनमधून नमुना काढला तर तो चांगलाच दिसणार, कारण जेट इंधनातून पाणी सावकाश खाली बसतं. रात्रभर उभ्या विमानाचा सकाळी, हलवण्याआधी काढलेला नमुना खरा. काचेच्या स्वच्छ बरणीत घ्यायचा. आणि एक फसगत सांगतो, जिने मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिव्या खायला लावल्या : बरणीत सगळंच पाणी असेल तर तेही स्वच्छ, पारदर्शकच दिसतं! मी 'क्लिअर अँड ब्राइट' असा शेरा मारून सही केली होती. वास घ्या, पाणी ओळखणारी कॅप्सूल वापरा. तिचा पिवळा कागद पाण्याने हिरवा होतो.

इंधन संपणं हा प्रकार लोकांना हास्यास्पद वाटतो. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात नव्याकोऱ्या बोइंग ७६७ ची दोन्ही इंजिनं ४१,००० फुटांवर थांबली ती याच कारणाने. इंधनाचं वजन किलोत मोजायचं होतं, एका लिटरला ०.८ च्या आसपास धरायला हवं होतं, धरलं १.७७, जो पौंडांचा आकडा. तंत्रज्ञही त्या हिशोबात होते. तेव्हापासून आकड्यामागचं एकक मोठ्याने म्हणायची मला सवय लागली आहे. किराणा दुकानातही म्हणतो, बायको हसते.

क्रॉसफीडचं एवढंच सांगतो की एका बाजूचं इंधन कमी दिसलं म्हणून दुसरीकडचं तिकडे वळवण्याआधी ते कुठे चाललंय ते बघावं. २४ ऑगस्ट २००१ ला अटलांटिकवर एका एअरबस ए३३० ने गळक्या बाजूला इंधन वळवलं, आणि दोन्ही इंजिनं कोरडी पडली. अझोर्स बेटांवर विमान तरंगत उतरलं, सगळे वाचले.

तिसरं खाणं : आमचे हात

हे लिहायला आवडत नाही. ५ मे १९८३, मायामीहून निघालेलं ट्रायस्टार हे प्रवासी विमान. तीन इंजिनं, १७२ माणसं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांच्या ऑइलमधले मॅग्नेटिक चिप डिटेक्टर बदलले होते. हे डिटेक्टर म्हणजे ऑइलमधला लोखंडाचा चुरा पकडणारे लोहचुंबक. बसवताना त्यांवर ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, लावायच्या राहून गेल्या. एका इंजिनावर नाही, तिन्हींवर. वाटेत एकेका इंजिनाचं ऑइल संपत गेलं. दोन बंद पडली, आणि आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करून त्या एकावर विमान मायामीला परत आलं. जेव्हा ऑइलचे तिन्ही काटे एकदम खाली गेले, तेव्हा वैमानिकांना आधी वाटलं काटेच खोटे असणार. त्यांचा तर्क चूक नव्हता. तिघांत सामाईक काहीतरी असणार हे त्यांनी ओळखलं. फक्त ते मीटर नव्हतं, आदल्या रात्रीचे हात होते.

म्हणून दोन्ही इंजिनांवरचं तेच काम एकाच माणसाने एकाच पाळीत करू नये. समुद्रापार लांब जाणाऱ्या दोन इंजिनी विमानांना हा नियमच आहे. छोट्या जेटच्या हँगरमध्ये माणसंच दोन, त्यातला एक रजेवर, मालकाला सकाळी सहाला उडायचंय, आणि मग नियम भिंतीवर राहतो. मीही असं केलंय. एका रात्री दोन्ही इंजिनांचे फिल्टर मीच बदलले आणि तपासणीची सहीही मीच मारली. काही झालं नाही. पण त्या रात्री घरी जाऊन झोप लागली नाही, आणि पहाटे परत जाऊन दोन्ही फिल्टरच्या वाट्या उघडून ओ-रिंग बघितल्या. दोष शोधताना विमानाच्या वहीत पहिलं पान मी हेच उघडतो : शेवटचं काम काय झालं, दोन्हींवर झालं का, कुणी केलं? इंधनाच्या आणि हवेच्याही आधी हे बघावं, कारण याला पाच मिनिटं लागतात.

वैमानिकांनी काय करावं ते मी सांगू नये, मी उडवत नाही. एवढंच माहीत आहे की विझलेलं इंजिन फार वेळ थंड हवेत सावकाश फिरत राहिलं तर त्याचे आतले भाग कमी-जास्त आकसतात आणि ते जाम होऊ शकतं. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेत सीआरजे-२०० या छोट्या प्रवासी जेटची दोन्ही इंजिनं ४१,००० फुटांवर विझली आणि वेग पुरेसा न ठेवल्याने नंतर फिरलीच नाहीत. रिकामं विमान, दोघेच वैमानिक, दोघेही गेले. त्यामुळे पुन्हा पेटवण्यासाठीचा वेग पुस्तकात लिहिलेला असतो तो शोभेसाठी नसतो.

आता देवबाग.

मी पोचलो तेव्हा भाच्याने प्लग परत बसवले होते. दोन्ही टाक्यांच्या तळातून बाटल्यांत नमुने काढले. दोन्हींत तळाला पाण्याचा थर, दोन बोटं. "मामा, टाक्यो येगळ्यो आसत मां! पाणी दोनांत कसा गेला?"

"भरलंस खंयसून?"

घरामागच्या पिंपातून, दोन्ही. माडाखाली उभं ठेवलेलं दोनशे लिटरचं पिंप, वर झाकणाच्या कडेला पाणी साचलेलं, त्यात दोन सुकलेल्या पाती. दिवसा ऊन लागलं की आतली हवा फुगते, बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. रात्री गार झालं की पिंप श्वास आत घेतं, आणि बुचावर साचलेलं पाणी त्या श्वासाबरोबर आत जातं. बूच घट्ट असलं तरी थोडं थोडं जातंच. मी त्याला टाक्या दोन करायला लावल्या, नळ्या दोन करायला लावल्या, पण पिंप एकच राहिलं, आणि मी ते विचारलंच नव्हतं.

पिंप आडवं केलं, दोन्ही बुचं एका रेषेत, एक डाव्या आणि एक उजव्या बाजूला येतील असं, म्हणजे ती आतून इंधनाखाली बुडलेली राहतात आणि बाहेर पाणी साचायला जागा उरत नाही. वर झापांचं छप्पर घातलं. खालचं दहा-बारा लिटर भाच्याने वेगळ्या कॅनमध्ये काढलं, तर त्यात निम्मं पाणी. मग त्याने मला विचारलं की शेजारचा दादा पण ह्याच पिंपातून भरतो, त्याला फोन करू का. तो तेव्हा निवतीच्या दिशेला गेलेला होता. म्हटलं, आधी तो कर.